मिड-ड्राइव्ह ई-सायकलला हब गिअर घ्यावा की डिरेलर? पुण्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ई-सायकल घेताना बॅटरी किती मोठी आणि मोटर किती वॅटची, एवढंच बहुतेकजण विचारतात. गिअरचा विचार सायकल घरी आल्यावर, चेन पहिल्यांदा तुटते तेव्हा सुरू होतो. मिड-ड्राइव्ह सायकलीत मात्र तो आधीच करायला हवा. लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर.

१. हब मोटर आणि हब गिअर एकच ना?

नाही. हब मोटर म्हणजे चाकाच्या मधोमध बसवलेली मोटर. हब गिअर म्हणजे मागच्या चाकाच्या हबमध्ये बंद असलेले गिअर. बाहेरून एकच दातेरी चकती दिसते, बाकीची चाकं डब्यात असतात. डिरेलर ही आपल्या ओळखीची पद्धत आहे. मागे चकत्यांचा मनोरा असतो आणि खाली लोंबणारा हात चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलतो. मिड-ड्राइव्ह मोटर पेडलपाशी, क्रँकवर (पेडल ज्या दांड्यांना असतात तिथे) बसते, त्यामुळे मागचं चाक मोकळं राहतं आणि तिथे दोन्हींपैकी काहीही बसू शकतं. आपल्याकडे दुकानात दिसणाऱ्या बहुतेक ई-सायकली मागच्या हब मोटरच्या असतात. तुमची तशी असेल तर हे पान तुमच्यासाठी नाही.

२. मोटर आहेच, मग गिअरचं एवढं काय?

हब मोटर चाकाला थेट फिरवते. मिड-ड्राइव्ह मोटर तुमच्या पायांबरोबर चेन ओढते. तुमचा आणि मोटरचा सगळा जोर त्याच चेनमधून, त्याच गिअरमधून मागच्या चाकाला जातो. म्हणूनच चढावर ती सरस ठरते, कारण हलका गिअर टाकला की मोटरलाही हलकं जातं. पण त्याच कारणाने चेन, चकत्या आणि हब यांच्यावर साध्या सायकलीच्या दुप्पट भार येतो.

जड गिअरमध्ये रेटत चढ चढवला की मोटर हळू फिरते, करंट जास्त खाते आणि तापते. काही मोटरींच्या आत नायलॉनचा गिअर असतो, उदाहरणार्थ टोंगशेंगच्या टीएसडीझेड २ मध्ये. तो अशाच वापराने लवकर जातो. गिअर कुठलाही घ्या, चढाआधी हलका करायची सवय मोटरचं आयुष्य ठरवते.

३. रोज चालवताना नेमका काय फरक जाणवतो?

सगळ्यात मोठा फरक सिग्नलला कळतो. डिरेलरचा गिअर फक्त पेडल फिरत असताना बदलतो. नळस्टॉपला अचानक लाल दिवा लागला, सायकल जड गिअरमध्येच थांबली, की हिरवा झाल्यावर मागून हॉर्न वाजत असताना त्याच जड गिअरमध्ये निघावं लागतं. हब गिअर उभ्या सायकलीवर बदलता येतो. पाचव्यात थांबलात तर हँडलवरची मूठ फिरवून पहिल्यात या आणि आरामात निघा. लक्ष्मी रस्त्यासारख्या ठिकाणी, जिथे दर पन्नास मीटरला थांबणं आहे, तिथे याने खरंच सुख लागतं.

दुसरा फरक चेनचा. हब गिअरची चेन सरळ रेषेत, जागची न हलता फिरते, म्हणून तिच्यावर पूर्ण चेनकव्हर बसतं. ओढणी, साडी, ऑफिसची पँट यांची काळजी मिटते.

डिरेलरच्या बाजूनेही तितकंच ठोस बोलता येतं. तो हलका, स्वस्त आणि उघडा असतो. काय बिघडलं ते डोळ्यांना दिसतं आणि कुठल्याही पेठेतला सायकलवाला तो सुधारतो. शिमानो कंपनीचा नेक्सस आठ गिअरचा हब एकटाच सुमारे दोन किलोचा असतो, आणि ते सगळं वजन मागच्या चाकात. सायकल तिसऱ्या मजल्यावर उचलून नेणाऱ्याला ते जाणवतं.

४. एका वाक्यात सांगा, मी काय घेऊ?

शहरातली रोजची ये-जा, २५० वॅटची सौम्य मोटर आणि पावसातही सायकल सोडायची नाही, असं असेल तर हब गिअर. घाट, लांबचे पल्ले, सायकलला वेगळं बसवलेलं ताकदवान मोटरचं किट किंवा गावोगावी भटकंती असेल तर डिरेलर.

यावर आणखी एक कसोटी लावा, आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची: बिघाड झाला तर कोण दुरुस्त करणार? घराजवळ हब गिअर उघडलेला किंवा निदान केबल नीट लावता येणारा मेकॅनिक नसेल, आणि स्वतः पाना हातात घ्यायची तयारी नसेल, तर कॅटलॉग काहीही म्हणो, डिरेलर घ्या.

५. पुण्याच्या पावसाळ्यात कोण टिकतं?

हब गिअर, यात शंका नाही. जून ते सप्टेंबर रस्त्यावर नुसतं पाणी नसतं. खोदकामाची माती, सिमेंटचा राडा आणि बारीक खडी त्यात मिसळलेली असते. उघड्या चेनवर हे मिश्रण बसलं की ते चेन आणि चकत्या घासत राहतं, आणि वर मोटरचा जोर असतोच. डिरेलरवाल्याने पावसात दर दोन-तीन दिवसांनी चेन पुसून ओल्या हवामानाचं वंगण घालायला हवं.

हब गिअरलाही एक पथ्य आहे. सायकल धुताना दुचाकीच्या वॉशिंग सेंटरवरचा दाबाचा फवारा हबवर मारू देऊ नका. पाणी सीलमधून आत जातं आणि ग्रीस धुऊन काढतं. बादली आणि फडकं पुरे. आतल्या भागाचं वंगण दर दोन वर्षांनी किंवा ५,००० किलोमीटरनंतर बदलून घ्यावं. त्यासाठी आतला संच बाहेर काढून विशिष्ट तेलात बुडवतात. हे काम पहिल्यांदाच करणाऱ्याकडे देऊ नका.

६. गिअर किती हवेत? आठ पुरतील का?

गिअरांची संख्या बाजूला ठेवा, पल्ला पाहा. सगळ्यात जड गिअर सगळ्यात हलक्याच्या किती पट आहे ते टक्क्यांत सांगतात. नेक्सस तीन गिअर १८६, नेक्सस सात २४४, नेक्सस आठ ३०७, शिमानोचाच अल्फिन अकरा ४०९, रोहलॉफ कंपनीचा चौदा गिअरचा हब ५२६. डिरेलरमध्ये ११ ते ३४ दात्यांची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) ३०९ टक्के देते, ११ ते ४६ ची ४१८.

आता हे रस्त्यावर आणू. पुढे ४२ दाते, मागे २१, नेक्सस आठ, चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर. पहिल्या गिअरमध्ये मिनिटाला ६० फेऱ्यांनी पेडल मारलं तर वेग ताशी आठ किलोमीटरच्या थोडा वर पडतो. आठव्यात ७५ फेऱ्यांनी ३२. बाणेर-पाषाणचा चढ आणि कर्वे रस्त्याची सपाटी, दोन्ही यात बसतात.

पुढे तेच ४२ दाते ठेवून मागे ११-३४ ची कॅसेट लावा. पल्ला कागदावर सारखाच आहे. पण सगळ्यात हलक्या गिअरमध्ये त्याच ६० फेऱ्यांना वेग जवळजवळ दहा पडतो आणि सगळ्यात जड गिअर ७५ फेऱ्यांना ३८ पर्यंत जातो. मोटर तर २५ ला बंद होते. म्हणजे ११ दात्यांची चकती जवळपास बिनकामाची, आणि चढाला हवा तेवढा हलका गिअर नाही. डिरेलर घेणाऱ्यांनी म्हणून पुढची चकती लहान करावी. किटच्या मोटरचा डबा आड येत असेल तर मागची मोठी चकती निदान ४२ किंवा ४६ दात्यांची घ्यावी.

७. हब गिअर मोटरचा जोर सहन करतो का? आत तुटत नाही ना?

योग्य मोटरबरोबर नाही तुटत. चुकीच्या मोटरबरोबर तुटतो, आणि तुटला की अख्खा आतला संच बदलावा लागतो.

सत्तर किलोचा माणूस १७ सेंटीमीटरच्या क्रँकवर उभा राहिला तर क्रँकवर साधारण ११७ न्यूटन-मीटरचा पीळ (टॉर्क) पडतो. ८० न्यूटन-मीटरची मोटर धरली तर दोन्ही मिळून दोनशेच्या घरात जातात. हबपर्यंत हा पीळ पुढच्या-मागच्या दात्यांच्या प्रमाणात कमी होऊन पोचतो. पुढे ४२, मागे २१ असेल तर निम्मा, म्हणजे सुमारे शंभर. मागे १६ असेल तर ७५.

इथेच बरेचजण फसतात. चढ सोपा व्हावा म्हणून मागची चकती मोठी किंवा पुढची लहान करत जातात आणि हबवरचा पीळ वाढवत नेतात. म्हणूनच कंपन्या या प्रमाणाला (पुढचे दाते भागिले मागचे) खालची मर्यादा घालतात. शिमानोच्या आठ गिअरच्या हबला साधारण दोन किंवा त्याहून जास्त ठेवावं. रोहलॉफ शंभर किलोपर्यंतच्या चालकाला १.९ पर्यंत मुभा देतो.

मोटरचा स्वभावही बघा. पेडलवरचा जोर मोजणारा टॉर्क सेन्सर असेल तर मोटर हळुवार उचलते. फक्त पेडल फिरतंय की नाही एवढंच पाहणारा सेन्सर असेल तर ती धाडकन पूर्ण जोर देते, आणि हबमधल्या खिट्ट्यांना तो धक्का सोसत नाही. बाफांगच्या बीबीएसएचडीसारखी १६० न्यूटन-मीटरची मोटर नेक्ससला लावू नका. ई-सायकलसाठीच बनवलेला शिमानोचा पाच गिअरचा इंटर-५ई मिळत असेल तर मी आठ गिअरच्या नेक्ससऐवजी तो घेईन. गिअर कमी आहेत, पल्ला २६३ टक्के आहे, पण तो मोटरचा भार गृहीत धरून घडवलेला आहे.

८. गिअर बदलताना जोरात 'खट्' आवाज येतो. काय करू?

मोटर ओढत असतानाच गिअर बदलतोय. तयार सायकलींत, उदाहरणार्थ बॉशच्या यंत्रणेत, गिअर बदलताना मोटरचा जोर क्षणभर कमी करायची सोय असते. किट बसवलेल्यांनी गिअर सेन्सर लावून घ्यावा. गिअरची केबल त्यातून जाते, केबल हलली की मोटर पापणी लवेपर्यंत थांबते. खर्च फार नाही, आणि एका वाचलेल्या चेनमध्ये वसूल होतो.

सेन्सर नसेल तर ब्रेकचा उपयोग करा. बहुतेक किटांच्या ब्रेक लिव्हरमध्ये मोटर बंद करणारा स्विच असतो. लिव्हर ब्रेक लागणार नाही इतपत, दोन बोटांनी हलकेच ओढा, गिअर बदला, सोडा. डिरेलर असेल तर त्या क्षणी पाय हलके फिरत राहू द्या. हब असेल तर पायही थांबवा. चार दिवसांत हात बसतो.

९. डिरेलरची चेन किती चालेल?

ठराविक आकडा कोणी सांगितला तर विश्वास ठेवू नका. तो पाऊस, वंगण आणि तुमच्या सवयीवर आहे. मोजणं मात्र सोपं आहे. इंचाची स्टीलची पट्टी घ्या आणि चेनच्या एका पिनच्या मध्यावर शून्य लावा. नव्या चेनीत १२ इंचांवर बरोबर आणखी एका पिनचा मध्य येतो. तो दीड मिलिमीटर पुढे सरकला असेल तर चेन बदला. तीन मिलिमीटर सरकला असेल तर कॅसेटही गेली.

मिड-ड्राइव्हवर आठ किंवा नऊ गिअरची जाड चेन आणि स्टीलची कॅसेट वापरा. अकरा-बारा गिअरच्या अरुंद चेनीला इथे काही काम नाही.  आपल्या चेनच्या मापाची एक क्विक लिंक (तुटलेली चेन जोडणारी कडी) आणि छोटा चेन ब्रेकर (पिन काढायचं हत्यार) सीटखालच्या पिशवीत कायम असू द्या.

१०. माझ्या सायकलला सात गिअरचं फ्रीव्हील आहे. चालेल?

सपाट रस्त्यावर, सौम्य मोटरला चालेल. पण हबच्या आट्यांवर बसणारं फ्रीव्हील (चकत्यांचा मनोरा) मोटरच्या जोराने इतकं घट्ट बसतं की पुढे ते निघता निघत नाही. शिवाय त्या रचनेत उजवीकडचं बेअरिंग खूप आत असतं, त्यामुळे मागचा एक्सल वाकतो. मागचं चाक बदलायची वेळ येईल तेव्हा कॅसेटचं घ्या, आणि फ्रीहब, म्हणजे कॅसेट जिच्यावर बसते ती नळी, स्टीलची आहे ना ते विचारा. ॲल्युमिनियमच्या फ्रीहबमध्ये चकत्या रुतून बसतात.

११. हब गिअरचं चाक पंक्चर झालं तर? पंक्चरवाला हात लावत नाही.

त्याला चाक काढायला सांगूच नका. टायरमध्ये खिळा किंवा काटा कुठे आहे ते शोधा. हवा भरून कान लावला तरी कळतं. सायकल आडवी करा, त्याच जागी टायरची एक कड लिव्हरने रिमबाहेर काढा आणि ट्यूबचा तेवढाच भाग ओढून घ्या. घासा, सोल्यूशन लावा, सुकू द्या, ठिगळ दाबा. टायरच्या आतून बोट फिरवून काटा राहिला नाही ना ते बघा. ट्यूब आत सारून कड बसवा. चाक जागचं हललंही नाही. आपले जुने पंक्चरवाले वर्षानुवर्षं असंच करत आलेत, फक्त 'चाक न काढता करा' असं सांगावं लागतं.

ट्यूबच बदलायची असेल तर चाक काढावं लागतं. नेक्ससमध्ये आधी पहिला गिअर टाका. हबच्या उजवीकडच्या केबलच्या चाकावर एक छोटं भोक आहे, त्यात दोन मिलिमीटरची अ‍ॅलन की किंवा स्पोकचा तुकडा घाला, ते केबलचं चाक फिरवून केबल सैल करा आणि केबलचा बोल्ट खाचेतून काढून घ्या. मग १५ च्या पान्याने दोन्ही नट. नटाखालचे दोन वॉशर डावे-उजवे वेगळे असतात, ते एक्सलला फिरू देत नाहीत. कुठला कुठल्या बाजूचा, हे काढण्याआधी फोटो काढून ठेवा. ते उलटसुलट बसले तर गिअर लागणार नाहीत.

१२. हब गिअर मध्येच सटकतो. हब गेला का?

बहुधा नाही, केबल ताणली गेली आहे. नेक्सस आठ आणि सातमध्ये चौथा गिअर टाका (तीनमध्ये दुसरा, अल्फिन अकरामध्ये सहावा). नेक्सस आठमध्ये हबपाशी दोन पिवळ्या रेषा दिसतील, त्या एका ओळीत यायला हव्यात. नसतील तर शिफ्टरपाशी केबलचा ॲडजस्टर थोडा थोडा फिरवा. मग पहिला टाका, परत चौथा टाका आणि पुन्हा बघा. हे काम दोन मिनिटांचं आहे. न करता महिनोन्महिने सटकत्या गिअरवर मोटरचा जोर दिलात तर मात्र हब खरोखर जाईल.

१३. जुन्या सायकलला मिड-ड्राइव्ह किट आणि हब गिअर दोन्ही बसेल?

फ्रेमचा मागचा खोबणीचा भाग, म्हणजे चाकाचा एक्सल बसतो तो, बघा. खोबण आडवी असेल तर चाक मागे ओढून चेन ताणता येते, सगळं सोपं. खोबण उभी असेल तर चेन ताणायला वेगळा टेन्शनर लावावा लागतो. मग खालून एक हात लोंबतोच आणि पूर्ण चेनकव्हर बसत नाही. खोबणींमधलं अंतरही मोजा, जुन्या सायकलींना ते हबपेक्षा कमी भरतं.

१४. आजोबांच्या सायकलचा तीन गिअरचा स्टर्मी-आर्चर हब अजून चालतो. तोच वापरू?

मोटरला वापरू नका, अशी कळकळीची विनंती. त्यांच्या जुन्या एडब्ल्यू नावाच्या हबमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये एक रिकामी जागा असते. केबल जराशी सैल असली की तिथे गिअर सुटतो आणि पाय धाडकन पुढे जातो. नुसत्या पायांच्या जोरावर हे निभावतं, मोटर असताना माणूस पडेल. त्या चाकांना बहुधा चाळीस स्पोक असतात, तशी रिम आता सहज मिळत नाही. ती सायकल तशीच जपा, जशी आहे तशी चालवा.

१५. चेनऐवजी बेल्ट लावता येईल?

हब गिअरला हो, डिरेलरला नाही. बेल्टला वंगण लागत नाही आणि गंजही चढत नाही. पण तो बहुधा अखंड असतो, म्हणून फ्रेमच्या मागच्या त्रिकोणात उघडणारा सांधा लागतो. साध्या फ्रेमला तो नसतो. त्यासाठी फ्रेम कापून घेण्याच्या भानगडीत पडू नका.

१६. सिंहगड, कात्रज, बोपदेव. हब गिअरने होईल?

कात्रज आणि बोपदेव होतील. सिंहगडाचं वेगळं आहे. पायथ्यापासून वरच्या गाडीतळापर्यंत साधारण नऊ किलोमीटर सलग चढ, आणि काही वळणांवर तो दहा टक्क्यांच्या वर जातो. तिथे ताशी सहा-सात किलोमीटरला पेडल मोकळं फिरेल असा गिअर हवा. प्रश्न ६ मधल्या जुळणीत तो मिळत नाही, आणि दाते बदलून मिळवायला गेलात तर प्रश्न ७ मधली मर्यादा आड येते. वर्षातून एक-दोनदा जाणार असाल तर मोटर तापू नये म्हणून मध्ये थांबत जा. दर रविवारी जाणार असाल तर ११-४६ ची कॅसेट आणि डिरेलर, दुसरा विचार नको.

१७. एन्व्हिओलो आणि रोहलॉफच्या हब गिअरचं नाव ऐकतो. घेण्यासारखे आहेत?

एन्व्हिओलोत टप्पेच नसतात. मूठ फिरवाल तसा गिअर सरकतो, उभ्या सायकलीवरही आणि पेडल मारतानाही. मोटरबरोबर तो फार गुणाने वागतो. वजन मात्र सुमारे अडीच किलो. रोहलॉफ चौदा समान टप्प्यांचा, अत्यंत टिकाऊ हब आहे, दर ५,००० किलोमीटरला तेल बदललं की झालं. दोन्ही महाग आहेत आणि सुटे भाग मागवावे लागतात. ज्या तयार सायकलीत कंपनीनेच ते बसवले आहेत ती घेत असाल तर आनंदाने घ्या. वेगळा आणून बसवायचा असेल तर तेवढ्या पैशात बॅटरी मोठी करा.

१८. हब गिअरने बॅटरी लवकर संपते?

थोडीशी. आतल्या चाकांच्या घर्षणात काही टक्के ताकद जाते. मात्र स्वच्छ डिरेलर आणि हब यांच्यातला हा फरक चिखलाने माखलेल्या चेनने सहज पुसला जातो. टायरमध्ये हवा कमी असेल तर त्याहून जास्त नुकसान होतं.

१९. पाय उलटे फिरवून लागणारा ब्रेक असलेला हब मिळतोय. घेऊ?

मोटर त्यासाठीच बनवलेली असेल तरच. बऱ्याच किटांत उलटं पेडल मारलं तर चेन फिरतच नाही, म्हणजे ब्रेक लागणारच नाही. बाफांगच्या बीबीएस किटांचं असंच आहे.

२०. गिअर कुठलाही असो, लायसन्स लागतं का?

गिअरचा संबंध नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटर २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल तर ती मोटार वाहनात मोडत नाही. हजार वॅटचं किट यात बसत नाही.

२१. दोन चाकं ठेवली तर? आठवडाभर हब गिअरचं, रविवारी घाटाला डिरेलरचं?

कल्पना चांगली वाटते, पण दर वेळी चाकाबरोबर चेन, केबल आणि शिफ्टरही बदलावा लागतो. हबची चेन जाड आणि आखूड, डिरेलरची अरुंद आणि लांब. उभ्या खोबणीच्या फ्रेमला एका बाजूला टेन्शनर काढा, दुसऱ्या बाजूला डिरेलर जोडा. शनिवारची संध्याकाळ त्यात जाते. एक तडजोड जमते: डिरेलरची सायकलच ठेवा, आठवड्यासाठी आणि घाटासाठी दोन कॅसेटची दोन चाकं बाळगा, मात्र दोन्हींवरची सगळ्यात मोठी चकती सारख्याच दात्यांची घ्या. मग चेनची लांबी तीच राहते आणि डिरेलरला हात लावावा लागत नाही. चेन मात्र दोन ठेवा, प्रत्येक कॅसेटची आपली. नवी चेन झिजलेल्या कॅसेटवर चढवली की पहिल्याच चढावर दाते सोडते.